हलती बाकं

मुरुम गावच्या बाजारामागं, गल्ली अरुंद होत होत ओढ्याकडं उतरते तिथं पाशामियाँचा भाता होता. गाव त्याला कमानवाला म्हणायचं. टांग्याच्या आणि छकड्याच्या, रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या लोखंडी कमानी तो अशा करायचा, की पार आळंदकडची गिऱ्हाइकं वाट वाकडी करून त्याच्याकडं यायची. ओझं किती, रस्ता कसला हे बाकीचे लोहार विचारत. पाशामियाँ आधी विचारायचा, "बसल्यावर कुठं दुखतं?" कुणाची कंबर धरायची, कुणाच्या पोटात ढवळायचं. उमरग्याच्या एका वकिलाला तर टांग्यात बसलं की उगीचच रडू यायचं. पाशामियाँ त्याला हसला नाही. कमानीचं एक पान त्यानं काढून टाकलं, दुसरं घासून पातळ केलं, आणि वकिलाचं रडणं थांबलं.

अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात, खळी उरकत आल्यावर, गावाबाहेरच्या माळावर शरणबसप्पाचा फिरता तंबू येऊन पडला. शरणबसप्पा अक्कलकोटकडचा, जाड भिंगाच्या चष्म्याचा, मोजकं बोलणारा माणूस. तंबूत पुढं जमिनीवर बसायचं, मागं बाकं, आणि उजव्या अंगाला किंतानाचा आडपडदा लावून बायकांची जागा. पिक्चरच्या यंत्राला वीज लागायची म्हणून एक इंजिन तंबूच्या पाठीशी धडधडत असायचं. पहिला खेळ दिवेलागणीला सुरू व्हायचा.

पाशामियाँ पहिल्या दिवशी अगदी मागच्या बाकावर बसला. पिक्चरमध्ये नदीला पूर येतो आणि एक घर वाहून जातं, तेव्हा त्याच्या छातीत अशी धडकी भरली की त्यानं शेजाऱ्याचा हात धरला. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम पुढं, जमिनीवर जाऊन बसला. तोच पूर, तेच घर, पण आज ते कापडावरचं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा मागं गेला. पूर यायच्या आधी त्यानं बाकाच्या फळीवर तळहात टेकवला. फळी थरथरत होती. इंजिनाची धडधड कडक माळातनं थेट बाकात शिरत होती.

खेळ सुटल्यावर तो शरणबसप्पाकडं गेला. "सावकार, तुमचं भ्याव पडद्यातनं येत न्हाय. ते खालनं येतंय."

शरणबसप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. "वाढवता येईल?"

"येईल."

"पाहिजे तेव्हा बंद?"

"दांडा माझ्या हातात असला तर तेबी येईल."

आठ दिवस खपून पाशामियाँनं मागच्या बाकांखाली फळ्यांचा ओटा घातला. ओट्याखाली टांग्याच्या आठ कमानी बसवल्या. इंजिनाच्या पट्ट्यावर एक चाक घेतलं आणि त्याचा आस मधोमध न ठेवता मुद्दाम एका अंगाला सरकवला. चाकाचा दांडा थोडा ओढला की ओट्याला नुसती थरथर सुटे. पुरा ओढला की बाकं गाडीसारखी हिंदकळत. पाशामियाँची जागा सगळ्यांच्या पाठीशी, इंजिनाजवळ, किंतानाच्या दुसऱ्या एका आडोशामागं होती. तिथनं पिक्चरचा पडदा नीट दिसायचा नाही, बसलेल्यांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या.

पहिल्या दिवशी पूर आला आणि बाकांवरची माणसं किंचाळली. मग एकमेकांकडं बघून हसली आणि टाळ्या पिटत बसली. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकांसाठी धक्काबुक्की होऊ लागली.

पण पाशामियाँचं समाधान झालं नव्हतं. लोक हसत होते, हे त्याला खुपत होतं. मग एकदा त्यानं पूर यायच्या बरंच आधी दांडा हलवला. पडद्यावर बाई अजून अंगण झाडत होती, आकाश मोकळं होतं. नखभर थरथर त्यानं सोडली, कुणाला कळणारही नाही इतकी. समोरच्या पाठी एकामागून एक ताठ झाल्या. कुणीतरी मागं वळून बघितलं. पूर आला तेव्हा एकही माणूस हसला नाही.

त्या दिवसापासून पाशामियाँला पाठी वाचायचा नाद लागला. खांदे कधी वर चढतात, माना कधी आत जातात, हे त्याला पाठ झालं. थरथर एकदम थांबवली की सगळा तंबू श्वास धरतो, हेही त्याला कळलं. हळू झुलवलं की बाप्ये माणसं डोळे पुसतात. पडद्यावर काय चाललंय याच्याशी आता त्याचं देणंघेणं उरलं नव्हतं. एका प्रसंगात सासू सुनेला जेवायला वाढते, साधं पिठलं-भाकरी. पाशामियाँनं गंमत म्हणून तिथं थरथर सोडली. दुसऱ्या दिवशी बाजारात जो तो सांगत होता, त्या सासूनं जेवणात विष घातलं. पिक्चरमध्ये तसलं काही नव्हतं. पुढं जमिनीवर बसणाऱ्यांनी तसं सांगितलं, तर बाकांवरचे त्यांच्या अंगावर धावून आले. "आमी डोळ्यानं बघितलं," ते म्हणत होते.

खेळ सुटल्यावर लोक आता गटागटानं घरी जाऊ लागले. माळावरनं एकट्यानं यायला धट्टीकट्टी माणसंसुद्धा नको म्हणायची. पाशामियाँ हे सगळं ऐकायचा आणि लोखंड ठोकता ठोकता गालातल्या गालात हसायचा.

एक दिवस सिद्रामप्पा तंबूत आला. पाशामियाँच्या घराला लागून त्याचं घर. सत्तरीकडं झुकलेला, कपाळाला भस्म लावणारा हा शेतकरी पाशामियाँला बापाच्या जागी होता, आणि त्याला कारण होतं. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसात, पाशामियाँ सोलापुरात एका टांगेवाल्याच्या कारखान्यात कामाला होता. निजामाच्या मुलखाची हद्द बंद झाली आणि तो तिकडंच अडकला. इकडं आधी निजामाच्या रझाकारांनी धुमाकूळ घातला, मग भारताची फौज आली, आणि फौज पुढं निघून गेल्यावर सूड उगवायला निघालेल्यांनी मुसलमानांच्या वस्त्या गाठल्या. तेव्हा सिद्रामप्पानं पाशामियाँची बायको बीबीजान, तीन वर्षांची पोर नूरुन्निसा आणि म्हातारी आई जमिलाबी अशा तिघींना आपल्या बैलगाडीत गवताच्या पेंढ्यांखाली निजवलं, आणि आडवाटेनं बीबीजानच्या माहेरी, अणदूरला पोचवलं. दोन महिन्यांनी पाशामियाँ परतला तेव्हा आई नव्हती. अणदूरला पोचल्यावर तापानं गेली, असं बीबीजाननं सांगितलं आणि एक कबर दाखवली. दर वर्षी तो तिथं जाऊन फातिहा पढून यायचा.

तर सिद्रामप्पा मागच्या बाकावर बसला. थरथर सुटली, आणि म्हातारा अर्ध्या खेळातनं उठून गेला. सकाळी तो भात्यापाशी आला.

"पाशा, ते हलवणं बंद कर."

"का आप्पा? पोटात ढवळलं का?"

"न्हाय." म्हातारा विस्तवाकडं बघत राहिला. "बीबीजानला न्हेऊ नगंस तिथं. एवढं ऐक माझं."

"का पण?"

सिद्रामप्पा भिंतीचा आधार घेत उठला आणि वाटेला लागला. पाशामियाँला वाटलं, वय झालं.

त्याच आठवड्यात शरणबसप्पानं बायकांच्या जागेतही तसाच ओटा घालून घेतला. तिथं दारावर कडूबाई बसायची. खणखणीत आवाजाची, कुणाला न भिणारी बाई. तीच म्हणाली, "पाशाभाय, सगळ्या गावच्या बाया यायल्यात. तुमची तेवढी घरात."

ही गोष्ट त्यालाही लागायची. कमानवाल्याची बायको, पण दहा वर्षांत ती कधी टांग्यात बसली नव्हती. उमरग्याला जायचं तर चालत. गाव थट्टा करायचं. पाशामियाँ म्हणायचा, तिला चालायला आवडतं.

"नक्को," बीबीजान पहिल्यांदा म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच म्हणाली. तिसऱ्यांदा पाशामियाँचा आवाज चढला. "सगळा मुलूख माझी कारागिरी बघतोय. माझ्या घरातलं माणूस बघत न्हाय." संध्याकाळी नूरुन्निसाला सिद्रामप्पाच्या घरी सोडून, बुरखा घालून ती कडूबाईबरोबर तंबूत गेली. सिद्रामप्पा शेतावर होता. असता तर कदाचित त्यानं अडवलं असतं.

दोन दिवसांपूर्वी नवा पिक्चर लागला होता. त्यात एक कुटुंब गाडीतनं जंगलात पळतं. पाशामियाँनं तो दोनदा बघून ठेवला होता आणि कुठं किती ओढायचं हे मनाशी बांधून ठेवलं होतं. आज बीबीजानला दाखवायचं होतं. घरचे लोक अजून गाठोडी बांधत होते तेव्हाच त्यानं थरथर सोडली. किंतानापलीकडं बायकांचं हसणं ऐकू आलं, बांगड्या वाजल्या. मग हसणं विरलं. गाडी निघाली, त्यानं दांडा अजून ओढला. पलीकडं शांत झालं. इतकं शांत, की एरवी रडणारी तान्ही लेकरंसुद्धा गप्प. आजवर असं कधी साधलं नव्हतं. पाशामियाँनं ओठ मिटले आणि दांडा पुरा खाली ओढला.

"पाशाभाय!" कडूबाईचा आवाज आला. तिचा तो नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. "थांबवा! अहो, थांबवा म्हणते ना!"

त्यानं दांडा सोडला आणि किंतान बाजूला सारलं. पडद्यावरच्या उजेडात बाकं रिकामी दिसली. क्षणभर त्याला कळेना, बायका गेल्या कुठं. मग त्या दिसल्या. तीस-पस्तीस बायका बाकांच्या मधल्या जागेत खाली वाकून, एकमेकींना चिकटून निपचित पडल्या होत्या. पदराखाली लेकरं दाबून धरलेली. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. ओटा थांबला तरी एकही उठेना. आणि त्यांच्यामधनं गुडघ्यांवर सरकत, एकेकीचं डोकं हातानं खाली दाबत, बीबीजान हलक्या आवाजात सांगत होती, "वाका. अजून वाका. आवाज करू नका."

का वाकलो, हे त्यातल्या एकीलाही पुढं सांगता आलं नाही. अंधारात खालनं बाकं हिंदकळत होती, कुणीतरी वाका म्हणालं, आणि अंग वाकलं.

पाशामियाँ पुढं झाला. "बीबी, मी आहे."

तिनं त्याच्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही. त्याच्या खांद्यावरनं मागं, तंबूच्या काळोखाकडं बघत ती म्हणाली, "अम्मा गिर गयी." आणि मग लगेच, घाईघाईनं, "गाडी रोको नक्को. रोको नक्को."

कडूबाईनं तिला उचलून घरी आणलं. पाशामियाँ उंबऱ्यात बसून राहिला. उजाडता उजाडता सिद्रामप्पा आला. गावभर झालेली गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. तो अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "पाशा, मीच सांगतो."

"तुम्ही नका सांगू, आप्पा," आतनं बीबीजान म्हणाली. ती बाहेर आली, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. "मी मागच्या बाजूला होते. नूरू पोटाशी. अम्मा माझ्या पायाशी. जळकोटच्या पुढं ओढ्याची उतरण आहे, तिथं गाडी लई हिंदकळली. पेंढ्या सरकल्या आणि अम्मा खाली गेल्या. मागनं माणसं येत होती. मशाली दिसत होत्या. मी आप्पांना हाक मारली न्हाय."

"तिनं हाक मारली असती तर मी थांबलो असतो," सिद्रामप्पा म्हणाला. "अन् मग कुणीच उरलं नसतं. मला अणदुरात पोचल्यावर कळलं. दोन दिवसांनी मी माघारी गेलो. ओढ्यात कुणी न्हवतं. ताप आला असं सांग म्हणून मीच तिला म्हणलो."

"अन् कबर?" पाशामियाँनं विचारलं.

"कुणाची तरी आहे. मला ठाऊक न्हाय."

मग पाशामियाँनं बीबीजानकडं वळून विचारलं, "तू वळून बघितलंस?"

"बघितलं. अम्मा उठून बसल्या होत्या. हात हलवत होत्या." बीबीजाननं स्वतःचा हात वर केला आणि तसाच खाली सोडला. "जा म्हणत होत्या का थांब म्हणत होत्या, मला कळलं न्हाय. आजपत्तोर कळलं न्हाय."

पाशामियाँ दिवसभर भात्याकडं गेला नाही. दिवेलागणीला पाना घेऊन तो तंबूकडं निघाला. माळावर पोचला आणि थबकला. बायकांच्या दारापाशी कधी नव्हती एवढी गर्दी होती. काल खाली वाकलेल्या बायका तर होत्याच, त्यांच्याबरोबर शेजारणी होत्या, शेजारच्या गावच्या होत्या. कालचंच पाहिजे, असं त्या म्हणत होत्या.

शरणबसप्पा दारातच भेटला. "पाशामियाँ, काल काय केलंस रे! तसंच कर. रोज तसंच कर."

"मी ओटा सोडवायला आलोय."

"लोखंड माझं आहे."

"लोखंड ठेवा. माझा हात मी न्यायला आलो," असं म्हणून पाशामियाँनं दांड्याची खीळ काढली, खिशात टाकली आणि तो घरी आला.

शरणबसप्पानं दुसरा लोहार आणला. त्यानं नवी खीळ ठोकली आणि खेळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ओटा एकसारखा हलता ठेवला. पहिल्या दिवशी चार जणींना मळमळलं. चौथ्या दिवशी बायका हलत्या बाकांवर शेंगा खात बसल्या होत्या. आठवड्यानं कुणाच्या लक्षातसुद्धा येईना की खालचं काही हलतंय. पंधरवड्यात तंबू उठला. कडूबाईनं ही हकिकत पाशामियाँला सांगितली, त्याला बरं वाटावं म्हणून सांगितली. त्याला बरं वाटलं नाही. म्हणजे ते भ्याव कमानीत नव्हतं आणि चाकातही नव्हतं. ते त्यानं स्वतः, बोटाबोटानं, माणसांत सोडलं होतं. त्याच्या हाताला ते इतकं सहज कसं आलं, हा विचार त्याला भात्यासमोर बसू देईना.

चैत्र संपता संपता दोघं नवरा-बायको चालत निघाली. नूरुन्निसा सिद्रामप्पाच्या घरी राहिली. येणेगुरात एक मुक्काम झाला, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर जळकोटच्या पुढची ती उतरण आली. ओढा कोरडा होता. बीबीजाननं जागा दाखवली. तिथं काही नव्हतं. बाभळी होत्या, पलीकडं ज्वारीची धसकटं आणि दोन-तीन घरांची वस्ती.

वस्तीवर वीरभद्र नावाचा म्हातारा दोर वळत बसला होता. पाशामियाँनं त्याला विचारलं. त्यानं हातातला दोर खाली ठेवला आणि दोघांकडं पाळीपाळीनं बघितलं.

"व्हती एक म्हातारी," तो म्हणाला. "पाय मोडला व्हता. आमी गोठ्यात ठिवली. गाव विचारलं की तोंड फिरवायची. नाव सांगितलं न्हाय. आमी तरी कुठं न्यावं तिला? शिमग्याच्या आधी गेली."

पाशामियाँ मनात महिने मोजत होता. कार्तिकात तो सोलापुराहून परतला होता. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. सगळे महिने ती इथं होती, त्याच्यापासून दीड दिवसाच्या वाटेवर.

"कशा असायच्या?" बीबीजाननं विचारलं.

"गप असायची. जमिनीवर पंजा टेकून बसायची दिवसभर. आमाला ऐकू यायच्या आधी तिला गाडी कळायची. कळली की कडब्याआड सरकायची, अन् गाडी लांब गेल्याबिगर बाहेर यायची न्हाय."

त्यानं गोठ्यामागची जागा दाखवली. चार दगड होते, त्यांच्यावर कडुलिंबाचा पाला पडला होता. पाशामियाँनं फातिहा पढला. बीबीजान जरा लांब, उन्हातच बसून राहिली. दुपार कलल्यावर वीरभद्र म्हणाला, गाडी जुंपतो, जळकोटपत्तोर सोडतो. पाशामियाँनं बायकोकडं बघितलं आणि म्हाताऱ्याला नको म्हणून सांगितलं.

येताना त्याला तिच्याशी बोलायचं होतं. मी असतो तर मीही हाक मारली नसती, एवढं एकच वाक्य होतं. ते ओठांवर यायला पुढचा रमजान उजाडावा लागला. रोजा सोडून दोघं चटईवर बसली होती, नूरुन्निसा पाणी आणायला गेली होती, तेव्हा तो एकदाचा ते म्हणाला.

बीबीजाननं हातातला खजूर खाली ठेवला.

"तसं सांगता येत न्हाय," ती म्हणाली. "गाडीत कोण काय करंल, हे गाडीत बसल्याबिगर कुणालाच ठाऊक नसतं."